मुहासबा : जमाखर्चांतील एक शब्द व त्याचा दुसरा अर्थ

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस 'हिशेब', 'बाकी', 'वसूल' हे शब्द इतके अंगवळणीं पडलेले असतात कीं, ते मूळचे अरबी आहेत हेंही लक्षांत राहत नाहीं. यांपैकीं पहिल्याचें कुल मोठें आहे. ह्-स्-ब् या तीन व्यंजनांच्या धातूचा अर्थ मोजणें, गणणें. त्यापासून 'हिसाब', हिशेब घेण्याच्या क्रियेस 'मुहासबा', घेणाऱ्यास 'मुहासिब', आणि बाजारांतील वजनेंमापें व लोकांचें वर्तन पाहणाऱ्या अधिकाऱ्यास 'मुहतसिब'. फारसी कागदांत 'मुहासबा' दिसला म्हणजे तो एखाद्या महालाचा जमाखर्च असावा असें आम्ही सहजच धरून चालतों. परंतु याच नांवाचें एक अध्यात्मशास्त्र इस्लामांत हजारांवर वर्षें चालत आलें आहे, व त्याचीं सुटीं पानें महसुली कागदांच्या शेजारीं येऊन पडणें अगदीं संभवनीय आहे. तीं रद्दी जमाखर्च म्हणून बाजूस पडूं नयेत, एवढ्यासाठीं हा प्रपंच.

अंतिम न्यायाच्या दिवसास कुराणांत 'यौमुल्-हिसाब' असें नांव आहे. १७ व्या सूरेंत, त्या दिवशीं प्रत्येकाच्या हातीं त्याच्या कर्मांची वही उघडी दिली जाईल व त्याचा तोच पुरेसा हिशेबनीस ठरेल, असें वर्णन येतें. ५९ व्या सूरेंत प्रत्येक जीवानें उद्यासाठीं आपण काय पुढें पाठविलें आहे तें पाहावें, अशी आज्ञा आहे. दुसरे खलीफा उमर यांच्या नांवावर सांगितला जाणारा उपदेशही याच आशयाचा आहे : दुसऱ्यानें हिशेब मागण्यापूर्वीं तो आपणच घ्यावा. चित्रगुप्ताची वही आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असते. पण ती यमसभेंत उघडते. येथें मात्र ती रोज रात्रीं, आपल्याच घरीं, आपणच उघडावयाची आहे.

या विषयाचा पहिला मोठा ग्रंथकार हारिस इब्न असद. जन्म इ. स. ७८१ च्या सुमारास बसरा येथें, मृत्यु इ. स. ८५७ त बगदाद येथें. आत्मपरीक्षणाच्या ध्यासामुळें त्यास 'अल्-मुहासिबी' हेंच नांव पडलें. बापानें सत्तर हजार दिरहम मागें ठेविले असतां, बापाचें धर्ममत आपणांस अमान्य म्हणून त्यानें त्यांतील एकही घेतला नाहीं, अशी कथा चरित्रकार देतात. त्याचा 'अर्-रिआया' हा ग्रंथ मार्गारेट स्मिथ या विदुषीनें संपादून १९४० त लंडन येथें छापविला. त्यांत 'रिया' म्हणजे लोकांनीं पाहावें म्हणून केलेली भक्ति, या एकाच दोषाचा फार विस्तारानें विचार आहे. दान केलें हें खरें. पण कोणाकडे पाहून केलें? मनांत उठलेली प्रत्येक ऊर्मि दारांतच अडवून तिचा पत्ता विचारावा, ही त्याची रीत. अहमद इब्न हंबल यांस त्याचें तर्कवादी विवेचन रुचलें नाहीं, व उतारवयांत मुहासिबीस लोकांपासून दूर राहावें लागलें. त्याच्या अंत्यविधीस चौघेच हजर होते, असें सांगतात.

तरी त्याचे ग्रंथ टिकले, व ते वाचून तयार झालेला पुरुष म्हणजे तूस येथील इमाम गझाली (इ. स. १०५८–११११). त्याच्या 'इह्या उलूमिद्दीन' या चाळीस पुस्तकांच्या महाग्रंथाचें अडतिसावें पुस्तक 'मुराकबा' व 'मुहासबा' यांवर आहे. त्याची मांडणी निव्वळ पेढीची आहे. बुद्धि ही व्यापारी, नफ्स हा तिचा भागीदार, व आयुष्य हा व्यापार. फर्ज कर्में हें भांडवल, ऐच्छिक पुण्यकर्में हा नफा, पाप हा तोटा. पेढीवर भागीदारास जसें सकाळीं करार करून पाठवितात तसें नफ्साशीं प्रथम करार करावा (मुशारता). दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी (मुराकबा). सायंकाळीं जमाखर्च घ्यावा (मुहासबा). तूट आढळल्यास दंड करावा (मुआकबा). मग अधिक कष्टास जुंपावें (मुजाहदा). आणि शेवटीं त्याची खरडपट्टी काढावी (मुआतबा). फर्ज राहिलें असेल तर तें बाकी म्हणून वसूल करावयाचें. सदोष झालें असेल तर ऐच्छिक कर्मांनीं भरून काढावयाचें. प्रत्येक लहानसहान कृतीसाठीं तीन 'दीवान', म्हणजे वह्या, उघडल्या जातात, असेंही एक वचन गझाली नोंदवितो : कां केलें, कसें केलें, कोणासाठीं केलें.

तेथेंच तौबा इब्न अस्-सिम्मा याची गोष्ट आहे. रक्का येथील हा गृहस्थ एकदां आपल्या वयाचा हिशेब करूं लागला. वर्षें साठ भरलीं, दिवस २१,५०० निघाले. दिवसास एक पाप धरलें तरी २१,५०० पापें घेऊन राजाधिराजापुढें कसें जावें, असें म्हणून तो जो कोसळला तो उठलाच नाहीं. पंचांगाची सवय असलेल्यास येथें राहवत नाहीं. साठ सौर वर्षांचे दिवस सुमारें २१,९०० होतात व साठ चांद्र वर्षांचे २१,२६० च्या आसपास. चांद्र मानानें साठ वर्षें व वर आठ महिने धरल्यास आंकडा बरोबर बसतो. कथा रचलेली असो वा घडलेली, गणित हिजरी मानाचें आहे, एवढें त्यावरून म्हणतां येईल.

दंडाच्या कथा मात्र सर्वच आम्हांस सारख्या वाटत नाहींत. दुपारची सामुदायिक नमाज चुकली म्हणून उमर यांनीं दोन लक्ष दिरहम किंमतीची जमीन दान केली. बागेंतील पक्ष्याकडे नमाजांत लक्ष गेलें म्हणून अबू तल्हा यांनीं ती बागच देऊन टाकली. ज्या वस्तूनें चित्त ओढलें तीच सोडली, यांत न्याय आहे. देह जाळून घेणाऱ्यांच्या कथाही गझाली देतो. त्या आम्हांस पटत नाहींत. आपल्या प्रायश्चित्तप्रकरणांशीं तुलना करूं जातां एक भेद स्पष्ट दिसतो : तेथें पापाप्रमाणें कृच्छ्र-चांद्रायणादि दंड शास्त्रानें ठरविला आहे व तो सांगण्यास परिषद् आहे, येथें वादी, प्रतिवादी व काजी एकाच माणसाच्या पोटीं.

हिंदुस्थानांत हा विषय पसरला तो मुख्यतः गझालीच्याच 'कीमिया-ए-सआदत' या फारसी ग्रंथामुळें. अकबरास वाचून दाखविल्या जाणाऱ्या ग्रंथांत अबुल् फज्ल याचें नांव देतो. नक्शबंदी संप्रदायांत ख्वाजा बहाउद्दीन (इ. स. १३१८–१३८९) यांच्या 'वुकूफ-ए-जमानी' या नियमाचा अर्थ, गेलेली घटका सावधपणांत गेली कीं गाफीलपणांत हें पाहणें, म्हणजे मुहासबाच. या संप्रदायाचें ठाणें औरंगजेबाच्या काळीं औरंगाबादेस (आजचें छत्रपति संभाजीनगर) पाणचक्कीवर होतें, हें दक्षिणेंतील संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

ओळख पटविण्याची खूण सोपी आहे. महसुली मुहासब्यांत महालाचें नांव, फसली साल व सियाक लिपींतील रकमा हटकून असतात. जेथें रकमा मुळींच नाहींत, शेजारीं 'मुराकबा' आहे आणि देणेकऱ्याच्या जागीं 'नफ्स' हा शब्द आहे, तें पान वेगळ्या वेष्टनांत ठेवावें.