लटकी जोडी, खरी प्रीती

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कामगार संघटनेच्या कामात उमेदीची वर्षे घालवल्यावर या म्हणीचा खरेपणा आम्ही वेगळा सांगायला नको. पण आज इंदुरीच्या या व्यासपीठावरून आम्ही बोलणार आहोत ते प्रेमाच्या सोंगाविषयी. पगारवाढ, बोनस, कंत्राटी कामगार हे आमचे नेहमीचे विषय. संघटनेच्या माणसाने कादंबऱ्यांतल्या प्रेमप्रकरणांत का शिरावे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आधी देतो.

काही वर्षांपूर्वी तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्यातील एक कामगार भगिनी आमच्याकडे आली. ती आणि तिची मैत्रीण भाड्याच्या खोलीत राहत. ‘आम्ही मावसबहिणी’ असे त्यांनी घरमालकाला सांगितले होते. मालकाला संशय आला आणि आठ दिवसांत खोली रिकामी करा, असे त्याने बजावले. त्या दोघी मावसबहिणी नव्हत्या आणि नुसत्या मैत्रिणीही नव्हत्या, हे तिने आम्हांला खाली मान घालून सांगितले. आम्ही दुसरी खोली पाहून दिली आणि वर शहाणपणही शिकवले, “तिथंही बहिणी म्हणूनच सांगा.” आपण मोठे उपकार केले, असेच आम्हांला त्या वेळी वाटले.

पुढे एकदा ती संघटनेच्या कचेरीत फोनवर काही वाचत बसलेली दिसली. विचारले तेव्हा म्हणाली की, इंग्रजीतल्या प्रेमकथा वाचते, दोन बायकांच्या. त्यातही तिला एक ठराविक प्रकार फार आवडे. दोघी काही कारणाने प्रेमाचे नाटक करतात आणि नाटक करता करता खरोखरच प्रेमात पडतात. “असल्या लांबच्या गोष्टींत तुला कसली गोडी?” आम्ही विचारले. ती हसली. “दादा, त्यातल्या बायका चारचौघांत एकमेकींचा हात धरतात. नाटक म्हणून का होईना, पण धरतात ना!”

ते उत्तर आमच्या मनातून जाईना. आमचे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. इंग्रजी आम्ही पाळी संपल्यावर शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तसाच शब्दकोश घेऊन या प्रकारच्या काही कथा वाचून काढल्या. त्यांतून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

या कथांचा साचा बहुधा असा असतो. नायिकेच्या धाकट्या बहिणीचे लग्न निघाले आहे. घरी गेले की आई, आत्या, मावशी विचारणार, ‘तुझं कधी?’ किंवा जिने पूर्वी हिचे मन मोडले तीच त्या लग्नाला येणार आहे. एकटीने जाणे जिवावर येते. म्हणून ओळखीच्या एखाद्या बाईला गळ घातली जाते की, चार दिवस माझी प्रेयसी हो. मग दोघी अटी ठरवतात. कोणासमोर हात धरायचा, पहिली भेट कोठे झाली म्हणून सांगायचे, नाटक कोणत्या तारखेला संपवायचे, सारे ठरते. आम्ही आयुष्यभर व्यवस्थापनाशी करार केले, पण इतके काटेकोर करार आम्हांलाही कधी जमले नाहीत. पुढे एक दिवस असा येतो की, पाहणारे कोणी नसतानाही हात धरला जातो. तेथे करार मोडला आणि प्रेम सुरू झाले. तरी दोघींना वाटत राहते की, आपले मन गुंतले, समोरचीचे मात्र अजून नाटकच चालू आहे. रुसवा होतो, ताटातूट होते आणि शेवटी कबुली होते. शेवट काय होणार हे वाचणारीला पहिल्या पानावरच ठाऊक असते. संगीत सौभद्र पाहायला जाणाऱ्यालाही सुभद्रा कोणाला मिळणार हे ठाऊक असतेच की!

सौभद्राचे नाव उगाच घेतले नाही. सोंगाच्या आडून प्रेम ही गोष्ट आपल्याला परकी नाही. 1882 साली रंगभूमीवर आलेल्या किर्लोस्करांच्या त्या नाटकात अर्जुन खोटा संन्यासी होऊन सुभद्रेजवळ पोहोचतो. 1988 सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट तर आपल्यापैकी कित्येकांना तोंडपाठ असेल. घरमालकीण जोडप्यांनाच जागा देते म्हणून चार मित्रांपैकी दोघे लुगडी नेसून बायका होतात. समोरच्या भंडारा डोंगरावर ज्यांनी चिंतन केले, त्या तुकोबांनी ‘लटके’ हा शब्द खोट्याच्या धिक्कारासाठी वापरला. पण घरात आपण ‘लटका राग’ म्हणतो तेव्हा त्याच शब्दात माया असते. लटक्याच्या पोटात खरे असू शकते, हे आपली भाषा जाणते.

मग कोणी विचारील की, स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेतही हाच साचा असतो, तर दोन स्त्रियांच्या कथेत वेगळे ते काय? आमच्या मते वेगळेपण दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट अशी. एक तरुण आणि एक तरुणी बाजारात हात धरून चालली तर गाव त्यांना लगेच नाव देते. दोन मुली गळ्यात हात घालून चालल्या, एका ताटात जेवल्या, एका पांघरुणात झोपल्या, तरी कोणाच्या काही मनात येत नाही. यात मोकळीक आहे तशी अडचणही आहे. बाहेरच्यांना जसे दिसत नाही, तसे पुष्कळदा त्या दोघींनाही आपल्या मनातले ओळखू येत नाही. ही मैत्री की आणखी काही, हे विचारायचे कसे? विचारले आणि नसले, तर मैत्रीही जायची. अशा वेळी सोंग मदतीला येते. ‘समज, आपण जोडपे आहोत,’ एवढे म्हटले की न विचारलेला प्रश्न दोघींच्या मध्ये येऊन उभा राहतो. नाही जमले तर ‘नाटकच होते ते’ म्हणून मागे फिरायची वाटही असते. अंगणात भातुकली मांडून एक मुलगी नवरा होते, दुसरी नवरी होते. तो खेळ कोणाला खटकत नाही, कारण तो खेळ असतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि ती आम्हांला उशिरा कळली. या कथांत आईने मुलीला विचारलेले असते, ‘तुझी कोणी आहे का? मग घेऊन ये की तिला.’ दोन बायका जोडपे म्हणून आल्या की काकू सरकून जागा करून देते, आजी ताटात जास्तीचे वाढते, लहान मुले नव्या मावशीला चिकटतात. सोंग कोणापुढे आणायचे? जे ते सोंग खरे मानून आनंदाने स्वीकारतील त्यांच्यापुढे. म्हणजे या कथेला आधी तसे घर लागते. आमच्या कामगार भगिनीला प्रेयसी हवी होती असे नाही. ती तिच्या खोलीवर होतीच. तिला हवी होती ती पंगत. पुस्तकातल्या दोघींत प्रेम नव्हते, तरी त्यांना पंगतीत शेजारी शेजारी पान मिळाले. हिच्याजवळ प्रेम होते आणि पान मिळवण्यासाठी मावसबहीण व्हावे लागत होते. कथेत सारे उलटे होते, म्हणूनच ती पुनःपुन्हा वाचावीशी वाटते.

ती पंगत मिळाली नाही की काय होते, हे आपल्याच रंगभूमीने दाखवले आहे. 1981 साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात मित्राची भूमिका केली. कॉलेजातल्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, तिची मैत्रीण नमा नायिका होते आणि त्या प्रवेशांतून मित्राचे प्रेम जागे होते. म्हणजे साचा तोच, नाटक करता करता खरे झाले. पण येथे पडदा पडला की परवानगी संपते. खाली उतरल्यावर त्या प्रेमाला उभे राहायला जागा नाही आणि गोष्ट मित्राच्या आत्महत्येपाशी संपते.

राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांची ‘दोहरी जूण’ ही कथाही येथे आठवते. एक लोभी बाप मुलीला मुलगा म्हणून वाढवतो आणि आपल्या मित्राच्या मुलीशी तिचे लग्न लावतो. दोघींना खरे कळते, तरी एकमेकींना सोडावेसे वाटत नाही. खोट्या लग्नाला वऱ्हाड जमले होते. खऱ्या संसाराला मात्र गाव थारा देत नाही, थारा देतात ती भुते! देथांनी हे हसत हसत सांगितले आहे, पण त्याचा चटका राहतो.

बाहेरच्या जगातही फार निराळे नव्हते. दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या कथेचा शेवट मृत्यूत, वेडात किंवा ताटातुटीत व्हायचा, असा जणू दंडक होता. अमेरिकेत 1952 साली ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी निघाली, तिच्यात शेवटी दोघींना एकमेकींची आशा उरते. पण ती लिहिणाऱ्या पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी क्लेअर मॉर्गन हे खोटे नाव घेतले होते. खरे नाव त्या पुस्तकावर 1990 साली आले. सुखाचा शेवट लिहिण्यासाठी लेखिकेलाच सोंग घ्यावे लागले. आजच्या लटक्या जोडीच्या कथा शेवट गोड करण्याचा हट्ट का धरतात, हे यावरून समजेल.

आता कायद्याकडे वळू. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि तो प्रश्न कायदेमंडळाचा ठरवला. म्हणजे गुन्हा नाही, पण नातेही नाही. आम्ही कामगारांचे अर्ज भरून देतो, तेव्हा हे रोज दिसते. कामगार विम्याच्या अर्जात कुटुंब म्हणून नवरा, मुले, अवलंबून असलेले आईवडील लिहिता येतात. जी दहा वर्षे एका चुलीवर जेवली, तिच्यासाठी तेथे रकाना नाही. 1987 साली भोपाळमध्ये दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केले, तर दोघींची नोकरी गेली. आजही घरच्यांच्या समाधानासाठी कित्येक जण सोयीचे लग्न करतात. 2022 सालच्या ‘बधाई दो’ या हिंदी चित्रपटात पोलिसातला तरुण आणि शाळेतली शिक्षिका असेच लग्न करतात. खऱ्या आयुष्यातले सोंग हे असे असते. ते खरे लपवते. कथेतले सोंग खऱ्याला वाट करून देते.

कोणी म्हणेल, लबाडीवर उभारलेल्या संसाराचे हे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्या कथाही तो मानतात. नाटक उघडे पडते तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी येते आणि मुलीला क्षमा मागावी लागते. पण खरे बोलल्यावर खोली जात असेल, तर लबाडीचा दोष एकट्या बोलणारीच्या माथी मारता येईल का? आमचा स्वतःचा आक्षेप निराळाच आहे. या कथांत घरभाडे कोणी मागत नाही, पाळी कोणाची चुकत नाही आणि चार दिवसांत सारे गणगोत राजी होते. इतके सोपे काही नसते. पण दिवसभर यंत्रापुढे उभी राहिलेली बाई रात्री दोन घटका सोपे जग मागते, त्यात आम्हांला काही गैर दिसत नाही.

‘बहिणी म्हणूनच सांगा,’ हा आमचा सल्ला व्यवहाराचा होता. आम्हांला तो आज टोचतो. त्या वेळी दुसरा देता आला असता की नाही, हे आम्ही अजून छातीठोकपणे सांगू शकत नाही. खोली मिळणे गरजेचेच होते. पण कारखान्यात अन्याय झाला की ‘जमवून घ्या’ म्हणणाऱ्याला आम्ही जन्मभर मालकधार्जिणा म्हणत आलो, आणि येथे तेच शब्द आमच्या तोंडून गेले.

मागे संघटनेचा स्नेहमेळावा होता. निमंत्रणावर नेहमीप्रमाणे ‘सहकुटुंब यावे’ असे छापले होते. ती पत्रिका घेऊन आली आणि बोट ठेवून म्हणाली, “दादा, हे आम्हांला लागू आहे का?” आम्ही म्हणालो, “दोघी या.” दोघी आल्या. पंगतीत शेजारी शेजारी बसल्या. कोणी काही विचारले नाही, वाढणाऱ्याने आग्रह करून दोघींना जिलेबी वाढली. हात मात्र त्यांनी धरला नाही. तेवढे अजून पुस्तकातच राहिले आहे.