गळ्यात पडलेली पाइपलाइन
(लेखमाला : कॅनडाचं तेल, कॅनडाचं हवामान – भाग ४)

गेल्या आठवड्यात आपण फोर्ट मॅकमरीच्या तेलवाळूपाशी थांबलो होतो. वाळूतून सुटं केलेलं बिट्युमेन इतकं घट्ट असतं की नळात घातलं तर जागचं हलणार नाही. त्यात साधारण तीस टक्के पातळ, हलकं तेल मिसळावं लागतं, तेव्हा कुठे ते वाहू लागतं. हे मिश्रण अल्बर्टा प्रांताबाहेर न्यायचं कुठून, यावरून कॅनडात गेली पंधराएक वर्षं भांडण चालू आहे.

अल्बर्टाला समुद्रकिनारा नाही, आणि प्रांतातून निघणाऱ्या मोठ्या तेलवाहिन्या बहुतेक दक्षिणेला, अमेरिकेकडे जातात. गिऱ्हाईक एकच असलं की भाव तोच ठरवतो. २०१८च्या शरदात अल्बर्टाचं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा पिंपामागे चाळीस डॉलरहून अधिक स्वस्त विकलं जात होतं, आणि शेवटी प्रांताच्या सरकारनेच कंपन्यांना उत्पादन घटवायला लावलं. पश्चिमेच्या समुद्राला पोचणारी वाट एकच होती : १९५३ साली टाकलेली, एडमंटनहून रॉकी पर्वत ओलांडून व्हँकुव्हरशेजारच्या बर्नबीला जाणारी ट्रान्स माउंटन. किंडर मॉर्गन या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये अर्ज केला तो तिला समांतर दुसरी वाहिनी टाकून क्षमता दिवसाला ३ लाख पिंपांवरून ८ लाख ९० हजारांवर नेण्याचा.

इथून पुढची हकिगत नीट कळायची तर त्यामागचा एक सौदा लक्षात घ्यायला हवा. तो कुठल्या एका कागदावर सहीशिक्क्यानिशी नव्हता, पण ओटावात आणि एडमंटनमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. २०१५ मध्ये अल्बर्टात रेचेल नॉटली यांचं डावीकडे झुकणारं सरकार आलं. त्यांनी कार्बनवर कर लावायचं, कोळशावरची वीज २०३०पर्यंत बंद करायचं आणि तेलवाळूच्या उत्सर्जनाला वर्षाला १० कोटी टनांची मर्यादा घालायचं जाहीर केलं. तेलावर जगणाऱ्या प्रांतात हे बोलायलाही धैर्य लागतं. मोबदल्यात त्यांना हवी होती समुद्रापर्यंतची एक वाहिनी. नोव्हेंबर २०१६ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी ट्रान्स माउंटनला मंजुरी दिली आणि त्याच दिवशी उत्तरेकडची नॉर्दर्न गेटवे ही दुसरी प्रस्तावित वाहिनी फेटाळली. थोडक्यात, कार्बनचा कर घ्या, वाहिनी देतो.

मला हा सौदा आजही वेडगळ वाटत नाही. त्यातली हिशेबाची एक खुबी मात्र नजरेआड करू नये. हवामान-करारांच्या वहीत तेल काढताना होणारं उत्सर्जन कॅनडाच्या नावे पडतं, पण तेच तेल चीनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात जळलं की तो धूर जाळणाऱ्याच्या खात्यात जातो. त्यामुळे उत्खननावर मर्यादा घालून निर्यात वाढवणारा देश कागदावर हवामानाशी प्रामाणिक ठरू शकतो. वातावरणाला अर्थातच ही वही वाचता येत नाही.

पण या सौद्यात, वाहिनी जिथून समुद्राला पोचणार त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताला कोणी विचारलंच नव्हतं. फायदा अल्बर्टाचा, आणि बर्नबीच्या धक्क्यावर येणाऱ्या तेलजहाजांची संख्या महिन्याला पाचेकवरून चौतिसावर जाणार. लोकांची भीती हवेतली नव्हती. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एनब्रिज कंपनीची वाहिनी फुटून असंच मिश्रण कालामाझू नदीत गेलं. हलका भाग उडून गेला आणि जड बिट्युमेन तळाशी बसलं. ते उपसायला वर्षं लागली. एडमंटनच्या नियंत्रण कक्षात इशाऱ्यांचे भोंगे वाजत होते, तरी पंप पुन्हा पुन्हा सुरू केले गेले आणि वाहिनी अखेर बंद व्हायला सतरा तास गेले. तरंगणारं तेल किनाऱ्यावर अडवता येतं, बुडणाऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न व्हँकुव्हरच्या सभांमध्ये सारखा यायचा आणि त्याला समाधानकारक उत्तर क्वचितच मिळायचं.

२०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन हॉर्गन प्रीमियर झाले (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांच्या तोडीचं पद). ते नॉटलींच्याच एनडीपी पक्षाचे. ग्रीन पक्षाच्या तीन आमदारांच्या टेकूवर त्यांचं सरकार उभं होतं. प्रांतातून जाणारं बिट्युमेन वाढू न देण्याचा प्रस्ताव त्यांनी २०१८च्या सुरुवातीला मांडला, आणि संतापलेल्या नॉटलींनी ब्रिटिश कोलंबियाच्या वाइनवर बंदी घातली! एकाच पक्षाची दोन सरकारं तेल आणि द्राक्षं घेऊन एकमेकांवर धावून गेली, असा प्रसंग कॅनडाच्या राजकारणात विरळाच. बंदी दोनेक आठवड्यांत उठली. कायद्याचं उत्तर यायला जानेवारी २०२० उजाडलं : दोन प्रांतांमधून जाणारी वाहिनी ही राज्यघटनेनुसार केंद्राची बाब, असं सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं.

तोवर कंपनीचा धीर सुटला होता. किंडर मॉर्गनने एप्रिल २०१८ मध्ये बहुतेक खर्च थांबवला आणि ३१ मेपर्यंत खात्री द्या, नाहीतर आम्ही निघालो, असं बजावलं. मुदत संपायच्या दोन दिवस आधी अर्थमंत्री बिल मॉर्नो यांनी सरकारच ही वाहिनी ४५० कोटी कॅनेडियन डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं. पॅरिस करारात हिरिरीने उतरलेल्या सरकारच्या गळ्यात तेलाची पाइपलाइन पडली ती अशी.

तीन महिन्यांनी, ३० ऑगस्टला, केंद्रीय अपील न्यायालयाने मंजुरीच रद्द केली. वाढणाऱ्या जहाज-वाहतुकीचा परिणाम तपासलाच नव्हता आणि आदिवासी समाजांशी झालेली चर्चा ही चर्चा नव्हतीच, अधिकाऱ्यांनी नुसती टिपणं घेतली, असा न्यायालयाचा रोख होता. दावा करणाऱ्यांत अग्रभागी होते त्स्लेल-वॉतूथ लोक. त्यांची वस्ती तेलाच्या धक्क्यासमोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर आहे. (सगळे आदिवासी समाज विरोधात होते असं मात्र नाही. मार्गावरच्या अनेकांनी कंपनीशी करार केले आणि काहींना तर वाहिनीत मालकीचा वाटा हवा आहे. त्याबद्दल स्वतंत्र भागात लिहायचं आहे.) त्याच दिवशी किंडर मॉर्गनच्या भागधारकांनी विक्रीवर शिक्कामोर्तब केलं. मंजुरी नसलेली वाहिनी आता सरकारची झाली होती. त्या संध्याकाळी नॉटलींनी केंद्राच्या हवामान-आराखड्यातून अंग काढून घेतलं.

चर्चेचा दुसरा फेरा झाला. १७ जून २०१९ रोजी संसदेने हवामान-आणीबाणी जाहीर करणारा ठराव संमत केला आणि १८ जूनला मंत्रिमंडळाने ट्रान्स माउंटनला पुन्हा मंजुरी दिली. व्यंगचित्रकारांना त्या आठवड्यात फार कष्ट पडले नसावेत.

मग बांधकामाचं भिजत घोंगडं सुरू झालं. २०२१च्या वसंतात बर्नबीतली झाडतोड चार महिने थांबली, कारण फांद्यांवर अ‍ॅना हमिंगबर्ड या मुठीत मावेल एवढ्या पाखराची घरटी सापडली. त्याच नोव्हेंबरात ब्रिटिश कोलंबियात विक्रमी पाऊस पडला, महामार्ग वाहून गेले आणि जुनी वाहिनी खबरदारी म्हणून तीन आठवडे बंद ठेवावी लागली. खर्चाचा ५४० कोटींचा सुरुवातीचा अंदाज सरतेशेवटी ३,४०० कोटी डॉलरच्या घरात गेला. एवढा खर्च विकताना वसूल होणार नाही, असं संसदेच्याच अर्थसंकल्प अधिकाऱ्याचं म्हणणं २०२२पासून आहे. १ मे २०२४ रोजी नवी वाहिनी सुरू झाली. जहाजं चीनला आणि कॅलिफोर्नियाला जाऊ लागली आणि अल्बर्टाच्या तेलाला भावही बरा मिळू लागला. वाहिनीच्या समर्थकांचं हे म्हणणं खरं ठरलं, ते मान्य करायला हवं.

आणि सौद्याची दुसरी बाजू? नॉटली २०१९ची निवडणूक हरल्या. त्यांच्या जागी प्रीमियर झालेल्या जेसन केनी यांनी आल्या आल्या अल्बर्टाचा कार्बन कर रद्द केला, म्हणून केंद्राने आपला लागू केला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. या कराचा बहुतांश पैसा कुटुंबांच्या खात्यात परत जायचा आणि बऱ्याच घरांना भरल्यापेक्षा अधिक मिळायचं. पण कर पेट्रोल पंपावर प्रत्येक खेपेला दिसायचा. परतावा तीन महिन्यांतून एकदा, अनेकांच्या ध्यानातही न येता बँकेत पडायचा. विरोधी नेते पियेर पोलिएव्ह यांनी कर मोडून काढण्याची घोषणा देशभर फिरवली. ती इतकी रुजली की मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी ग्राहकांवरचा हा कर शून्यावर आणला. हेच कार्नी संयुक्त राष्ट्रांचे हवामान-अर्थविषयक खास दूत होते. उद्योगांवरचा कार्बन दर तेवढा उरला. पाइपलाइन आणि कर यांची अदलाबदल व्हायची होती. पाइपलाइन जमिनीत पक्की गाडली गेली, कर एका सहीने गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कार्नी आणि अल्बर्टाच्या प्रीमियर डॅनिएल स्मिथ यांनी सामंजस्य करार केला, तो वाचताना २०१६ची आठवण होते. पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणखी एक तेलवाहिनी, दिवसाला किमान १० लाख पिंपांची; बदल्यात अल्बर्टाने उद्योगांवरचा कार्बन दर टनाला १३० डॉलरपर्यंत न्यायचा आणि तेलवाळूतला कार्बन पकडून जमिनीत पुरण्याचा मोठा प्रकल्प उभा करायचा. तेल-वायू उद्योगाच्या उत्सर्जनावर मर्यादा घालण्याची योजना केंद्राने सोडून दिली. देशाच्या एकूण उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा सुमारे तीस टक्के आहे. पर्यावरण चळवळीतून राजकारणात आलेले मंत्री स्टीव्हन गिलबो यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर डेव्हिड इबी यांची तक्रार होती की याही वेळी आम्हाला टेबलाशी बसवलं नाही. उत्तर किनाऱ्यावर तेलजहाजांना बंदी घालणारा २०१९चा कायदा शिथिल होण्याची शक्यता दिसताच तिथल्या आदिवासी समाजांनी विरोध जाहीर केला. आणि करार झाला तेव्हा ही वाहिनी बांधायला एकही खासगी कंपनी पुढे आलेली नव्हती. अर्ज अल्बर्टा सरकारच करणार असं ठरलं.

(पुढील भागात : वेटसुवेटेन प्रदेशातली वायुवाहिनी, निवडून आलेल्या परिषदा आणि वंशपरंपरागत प्रमुख)