बायबल उघडलं, पण सुरुवात कुठून?

पहिल्या पानापासून नेटाने वाचायला बसाल, तर ‘लेवीय’मधल्या यज्ञाच्या नियमांपाशी हमखास अडाल. बायबल म्हणजे एक ग्रंथ नव्हे, पेटीभर पुस्तकं: प्रॉटेस्टंट आवृत्तीत 66, कॅथलिक आवृत्तीत 73. त्यात कथा आहेत, वंशावळी आहेत, पत्रं आहेत, प्रेमगीतंही.

भंडाऱ्याच्या वाचकाने ‘रूथ’ आधी घ्यावं. चारच अध्याय. परमुलखातली विधवा सून सासूसोबत बेथलेहेमला येते आणि पोटासाठी कापणीवाल्यांमागून सरवा वेचते. तिथे पीक सातूचं, आपल्याकडे धानाचं. पण बांधीत वाकलेली बाई लाखनी-पवनीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शेतमालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम गाळा. तिला मात्र काही बोलायचं नाही. प्रेमाची कबुली इतक्या कमी शब्दांत क्वचित सापडते.

मग ‘स्तोत्रसंहिता’, 150 गीतं. हिब्रू कविता यमकावर नव्हे, अर्थाच्या पडसादावर चालते: एका ओळीतलं म्हणणं पुढची ओळ निराळ्या शब्दांत परत म्हणते. मोठ्याने वाचा, लय लागते.

एक भाषांतर पुरत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेलं बायबल त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये छापलं गेलं; तेही शेजारी ठेवा. आणि कानाला ओवीची सवय असेल, तर फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ (1616) आहेच. गोव्यातल्या या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा सुमारे 11,000 मराठी ओव्यांत सांगितली.