उन्हातली सायकल आणि घामाचा हिशेब



मी डॉक्टर नव्हे. पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाशी उभा राहणारा संघटनेचा कार्यकर्ता आहे. जे सांगतो ते वाचून आणि जाणत्यांना विचारून शिकलेले आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर सोहळ्यासाठी उन्हात बसलेली माणसे उष्माघाताने दगावली. ती नुसती बसली होती. मग भर दुपारी पायडल मारणाऱ्याचे काय होत असेल?

पायडल मारताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. ती बाहेर नेण्याचे काम घामाचे. पण तो अंगावर वाळला तरच. लिटरभर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. टपकून गेलेला काहीच नेत नाही. सायकल पळते तोवर वारा घाम वाळवतो. चढ लागला की श्रम वाढतात आणि वारा पडतो. धोका तिथे आहे. चढावर उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत तर घाम वाळतच नाही. तिथे पारा कमी दिसला तरी गाफील राहू नये.

घामाबरोबर मीठही जाते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट प्यावे. मीठ घातलेले ताकही चांगले. डोक्याला सैल, पांढरे फडके असावे. खिशातला कांदा घाम वाळवीत नाही. ऊन अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे लागतात. रजेवरून आलेल्याने आरंभी बेताने काम करावे.

पायांत गोळे, चक्कर, मळमळ वाटताच सावलीत थांबावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा, मग अंगावर घाम असो वा नसो. १०८ क्रमांकाला कळवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

परंतु खेपेवर मजुरी मिळणाऱ्याला "थांब" म्हणणे म्हणजे "मजुरी सोड" म्हणणेच होय. म्हणून दुपारचा विसावा कामाच्या वेळेत धरला जावा, ही मागणी आम्ही करतो. तुम्हीही ती करा. आणि माल घेऊन दाराशी आलेल्याला उशीर का झाला हे विचारण्याआधी तांब्याभर पाणी द्या.