घरबसल्या वेग (९) : झाकण उघडा, गाणं बदला

ड्रिफ्टचा विषय आज घेणार होतो. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

ते लिहितात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कॉलेजजवळच्या गेम पार्लरमध्ये ‘रिज रेसर’ असायचा. शर्यत सुरू व्हायच्या आधी पार्लरवाला प्लेस्टेशनचं झाकण उघडायचा, गेमची सीडी काढून ठेवायचा आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांची सीडी आत बसवायचा. मग गाडी पळायची ती त्या गाण्यांवर. आज हे सांगितलं तर मुलंही हसतात, म्हणतात, सीडी काढल्यावर गेम चालेल कसा? ‘हे खरंच घडत होतं, की मीच नंतर मनाने रचलं?’

खरंच घडत होतं. शिवाय ती पार्लरवाल्याची चलाखी नव्हती. गेम बनवणाऱ्यांनी ती सोय मुद्दाम ठेवली होती.

आर्केडच्या मशीनमधून घरच्या यंत्रात येताना ‘रिज रेसर’चं काय काय गळलं, ते गेल्या खेपेला पाहिलं. सेकंदाला साठ चित्रांची तीस झाली, लांबचे डोंगर ढोबळ झाले. पण आर्केडमध्ये ज्याचा प्रश्नच नव्हता अशी एक अडचण घरी नव्याने उभी राहिली, ती म्हणजे सीडी. आर्केडचा बोर्ड सगळा माल चिपांमध्ये ठेवतो. आपण लहानपणी टीव्हीच्या गेममध्ये खुपसायचो त्या कॅसेटमध्येही चिपच असायची. बटण दाबलं की खेळ सुरू. प्लेस्टेशनचा सीडी ड्राइव्ह मात्र दुप्पट वेगाचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० किलोबाइट वाचणारा. यंत्राची मुख्य मेमरी २ मेगाबाइट, चित्रांसाठी वेगळी १ आणि आवाजासाठी अर्धा. ही साडेतीन मेगाबाइट पूर्ण भरायची तर कागदावरच बारा सेकंद लागतात.

त्यात दुसरी गोम अशी की ‘रिज रेसर’ची गाणी सीडीवर साध्या ऑडिओ सीडीसारखीच कोरलेली होती. ड्राइव्हला वाचणारा डोळा एकच. तो गाणं वाजवत असेल, तर त्याच वेळी पुढच्या वळणाचा रस्ता आणून देऊ शकत नाही. म्हणजे शर्यत चालू असताना लागणारी प्रत्येक गोष्ट, रस्ता, बोगदा, समुद्रकिनारा, डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर, इंजिनांचे आवाज, आधीच मेमरीत येऊन बसलेली हवी. गेम बनवणाऱ्या नामको कंपनीच्या लोकांनी याच्याही पुढची पायरी गाठली. फक्त एका शर्यतीचा नव्हे, अख्खा गेमच त्यांनी मेमरीत मावेल एवढा केला. सर्किट एकच, वरच्या पातळीवर त्यालाच थोडा वाढीव रस्ता जोडलेला. एकदा भरून झालं की सीडीचं काम फक्त गाणी वाजवण्यापुरतं. मग ती सीडी गेमची असो नाहीतर तुमच्या घरातली.

एकाच सर्किटवरून या गेमला तेव्हाही नावं ठेवली गेली, आजही ठेवली जातात. मला ते पटत नाही. या आटोपशीरपणामुळेच शर्यत संपली की लगेच दुसरी, गाडी बदलली की लगेच पुन्हा मैदानात. आर्केडच्या धंद्यात हेच चालतं. नाणं टाकणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवून भागत नाही, कारण मागे रांग असते. ३ डिसेंबर १९९४ला जपानमध्ये प्लेस्टेशन बाजारात आलं, त्याच दिवशी हा गेमही आला, आणि तो बनवणाऱ्यांनी ही आर्केडची शिस्त घरात आणली.

ज्यांच्याकडे जुनं यंत्र अजून चालू आहे, त्यांनी हे जरूर करून पाहावं. गोल बटण दाबलं की झाकण वर येतं, सीडी फिरत फिरत थांबते. मधल्या खुंटीला तीन बारीक गोळ्या असतात, त्यांनी सीडी धरलेली असते. अंगठ्याने खुंटी दाबून कडेने उचलायची. पडद्यावर काहीच बिघडत नाही. आपली सीडी बसवायची, झाकण लावायचं. मी शंकर-जयकिशन लावून पाहिलेत, बीथोव्हेन लावून पाहिलाय, पण ढोल-ताशाच्या सीडीइतकं जमून आलेलं दुसरं काही नाही. ताशाची तर्री चढत असताना गाडी बोगद्यात शिरते, भिंतींवरचे दिवे एकामागून एक मागे पडतात, आणि ढोलाचा ठोका पडतो तेव्हा आपण आडवे होऊन वळणात असतो. गेमची स्वतःची गाणीही काही कमी नाहीत. शिंजी होसोए, नोबुयोशी सानो आणि आयाको सासो यांनी केलेलं ते काम आहे, आणि ‘रॉटरडॅम नेशन’वर हॉलंडच्या त्या दणदणीत टेक्नोचा ठसा पहिल्या ठोक्यापासून ऐकू येतो. ती सीडी आधी नीट ऐका, मगच बदला.

एक इशारा. १९९८च्या ‘रिज रेसर टाइप ४’वर हा प्रयोग करू नका. त्यात आठ सर्किट आहेत, प्रत्येक शर्यतीआधी यंत्र सीडीकडे जातं. तिथे झाकण उघडलं की खेळ खोळंबलाच.

आता पहिल्या भरणीच्या त्या सेकंदांचं काय केलं? हा माझा लाडका विषय. गेमची सीडी घातली की आधी ‘गॅलॅक्सियन’ सुरू होतो, नामकोचाच १९७९चा आर्केड गेम. तो एवढासा असल्यामुळे क्षणात मेमरीत येतो, आणि तुम्ही त्यातले किडे टिपत असता तेव्हा मागे मोठा गेम भरत राहतो. सगळे पाडले तर बक्षीस म्हणून आठ जादा गाड्या. नाहीतर सुरुवातीच्या चारच. त्या गाड्यांची नावंही वाचण्यासारखी आहेत. ‘सोल्वालू’ हे ‘झेव्हियस’मधलं विमान, ‘पिंक मॅपी’मधला मॅपी म्हणजे उंदीर शिपाई, शिवाय ‘बॉस्कोनियन’, ‘गॅलगा’. नामकोचं अख्खं जुनं घराणं गाड्यांच्या दारांवर रंगवलेलं आहे. पुढच्याच वर्षी ‘रिज रेसर रेव्होल्यूशन’मध्ये याच जागी ‘गॅलगा ८८’ आला.

ही युक्ती इतकी गोड होती की सगळ्यांनी उचलायला हवी होती. तसं झालं नाही. नामकोने नोव्हेंबर १९९५मध्ये अमेरिकेत तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये पेटंट मिळालंही. मुख्य गेम भरत असताना छोटा दुसरा गेम खेळायला देणं, यावर मालकी! मला हे तेव्हाही खुपलं आणि आजही खुपतं. कमोडोर ६४ या संगणकावर गेम टेपवरून भरायला कित्येक मिनिटं लागत, आणि त्या वेळात परग्रहवासीयांवर गोळ्या झाडायला देणारा ‘इन्व्हेड-अ-लोड’ १९८७मध्येच आला होता. कल्पना नवी नव्हती. हे पेटंट द्यायलाच नको होतं.

बाकीच्यांनी जवळपासचं काहीबाही केलं. ‘फिफा’ने सामन्याआधी एकटा खेळाडू आणि गोलरक्षक समोरासमोर उभे केले, २००९च्या ‘बायोनेटा’ने त्या वेळात डावपेचांचा सराव करू दिला. पण तो मुख्य गेमचाच तुकडा. वेगळाच, जुना, संपूर्ण खेळ हातात ठेवण्याची मजा नामकोकडेच राहिली. त्यांच्याच ‘टेकन ५’ने २००५मध्ये त्या जागी त्यांचाच जुना ‘स्टारब्लेड’ ठेवला होता.

पेटंटची मुदत नोव्हेंबर २०१५मध्ये संपली. हौशी निर्मात्यांनी त्या निमित्ताने लोडिंगच्या पडद्यावर खेळायचे छोटे गेम बनवण्याची जाहीर मोहीमच काढली. त्यांना दाद द्यायला हवी. पण मोठ्या कंपन्यांना तोवर या युक्तीची निकड उरली नव्हती. २०२०च्या प्लेस्टेशन ५मधला एसएसडी ड्राइव्ह सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचतो. ‘रिज रेसर’ची ती साडेतीन मेगाबाइट भरायला त्याला सेकंदाचा हजारावा भागही लागणार नाही. तेवढ्यात ‘गॅलॅक्सियन’मधला एक किडासुद्धा टिपून होत नाही.