उजवीकडून वाचायचे पत्ते

ठाण्यातील किंवा कल्याणमधील नागरिकाला वाहन चालवण्याचा परवाना हवा असेल तर तो ‘सारथी.परिवहन.गव्ह.इन’ या पत्त्यावर जातो, गाडीच्या नोंदणीचे काम असेल तर ‘वाहन.परिवहन.गव्ह.इन’वर, सातबारा पाहायचा असेल तर ‘भूलेख.महाभूमी.गव्ह.इन’वर आणि महावितरणचे वीजबिल पाहायचे असेल तर ‘डब्ल्यूएसएस.महाडिसकॉम.इन’वर. (हे पत्ते रोमन लिपीत टाइप करावे लागतात, येथे ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.) या चारही पत्त्यांत सर्वांत डावीकडे जो शब्द आहे तो सबडोमेन होय, म्हणजे एखाद्या मूळ नावाच्या पोटात, त्या नावाच्या मालकाने स्वतःच्या अधिकारात निर्माण केलेले दुय्यम नाव. मूळ नाव घ्यायचे तर नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. सबडोमेनसाठी मात्र कोणाचीही परवानगी लागत नाही, वेगळे शुल्क पडत नाही, नामसर्व्हर म्हणजे नावांची नोंद ठेवणारा जो संगणक असतो त्यावर एक ओळ वाढवली की ते अस्तित्वात येते. या सोयीमुळेच संस्था सबडोमेन सढळ हाताने काढतात आणि पुष्कळदा काढून विसरूनही जातात.

नावांची ही उतरंड इंटरनेटच्या अगदी आरंभी नव्हती. जोडलेल्या संगणकांची संख्या शेकड्यांत होती तोवर त्या सर्वांची नावे आणि अंकी पत्ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकाच फाइलमध्ये नोंदवले जात आणि जो तो ती फाइल आपल्या यंत्रावर उतरवून घेई. संख्या वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली, कारण प्रत्येक बदल एकाच कार्यालयाच्या हातून व्हावा लागे आणि दोन यंत्रांना एकच नाव दिले जाण्याचा धोका कायम असे. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात यावर जो उपाय सुचवला तो यंत्रांपेक्षा प्रशासनाचा अधिक होता: यादी मोठी करत बसण्यापेक्षा नावे देण्याचा अधिकारच पायरीपायरीने खाली सोपवावा. ‘डॉट इन’ हा भारताचा विभाग १९८९ मध्ये निर्माण झाला तेव्हा त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता आणि २००५ पासून तो ‘निक्सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे, त्यातील ‘गव्ह.इन’ हा सरकारी भाग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी सांभाळते आणि त्याखालील एकेका नावाचा पोटविभाग ज्या त्या खात्याकडे असतो.

अधिकाराची ही साखळी प्रत्येक शोधात प्रत्यक्ष काम करते. डोंबिवलीतील एखाद्या मोबाइलवर ‘सारथी.परिवहन.गव्ह.इन’ हा पत्ता टाकला की सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा शोधक सर्व्हर प्रथम मूळ सर्व्हरला ‘इन’ कोठे आहे ते विचारतो, मग ‘इन’च्या सर्व्हरला ‘गव्ह’बद्दल, ‘गव्ह’च्या सर्व्हरला ‘परिवहन’बद्दल आणि शेवटी परिवहन खात्याच्या नोंदीतून ‘सारथी’चा अंकी पत्ता घेऊन येतो, मिळालेली उत्तरे तो ठरावीक काळ जपून ठेवत असल्यामुळे बहुतेक वेळा यातील मधल्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागत नाहीत. पत्ता बदलल्यावर काही लोकांना नवे पान दिसते आणि काहींना तासन्‌तास जुनेच दिसत राहते, ते या साठवणीमुळे. टिंबांमधल्या एका भागाला जास्तीत जास्त ६३ अक्षरांची मुभा असते आणि संपूर्ण नावाला २५३ अक्षरांची, त्यामुळे उतरंड कितीही खोल नेता येत नसली तरी कोणत्याही संस्थेच्या गरजेला ती पुरून उरते.

मराठी पाकिटावर ‘मु. पो.’पासून सुरू होऊन ‘ता. कल्याण, जि. ठाणे’ असा लहानाकडून मोठ्याकडे जाणारा पत्ता लिहिला जातो, तसाच हा पत्ताही लहानाकडून मोठ्याकडे जातो आणि म्हणून त्याचा खरा मालक कोण हे उजवीकडून वाचल्यावरच कळते. फसवणूक करणारे नेमका याच गोष्टीचा फायदा घेतात. वीज तोडली जाईल किंवा वाहतुकीचा दंड थकला आहे अशा धमकीसोबत येणाऱ्या दुव्यात खात्याचे ओळखीचे नाव डावीकडे असते, कारण स्वतःच्या मालकीच्या कोणत्याही नावाआधी कोणीही काहीही लिहू शकतो; सुरुवातीच्या जोड तिरप्या रेषा सोडल्या तर पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी जे शेवटचे दोन किंवा तीन भाग येतात, ते मात्र त्याला बदलता येत नाहीत. महावितरणचा अधिकृत पत्ता ‘गव्ह.इन’ने संपत नाही, तो ‘महाडिसकॉम.इन’ने संपतो. त्यामुळे ‘सरकारी काम म्हणजे गव्ह.इन’ हा ढोबळ नियम पुरेसा ठरत नाही आणि प्रत्येक संस्थेचे मूळ नाव माहीत असणे आवश्यक होते.

सबडोमेनची विभागणी कशाच्या आधारे करावी, हा रचनेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. परिवहन खात्याने ती कामाच्या आधारे केली आहे. एमएच ०४ म्हणजे ठाणे आणि एमएच ०५ म्हणजे कल्याण अशी दोन वेगळी कार्यालये असली तरी परवान्यासाठी दोन्हीकडचे नागरिक एकाच ‘सारथी’वर येतात. विकिपीडियाने ती भाषेच्या आधारे केली असून १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ‘एमआर.विकिपीडिया.ऑर्ग’ या स्वतंत्र नावाने चालतो, कारण त्याचे लेख, संपादक आणि नियम इंग्रजी विकिपीडियाहून वेगळे आहेत. याउलट जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तोच मजकूर दोन भाषांत असतो, तेथे भाषेची खूण तिरप्या रेषेनंतर म्हणजे पोटफोल्डरात येते, आणि ते योग्यच आहे.

स्थळाच्या आधारे केलेली विभागणी मात्र ठिसूळ ठरते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतून २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. प्रभागांच्या सीमा तर निवडणुकीगणिक हलतात. अशा परिस्थितीत प्रत्येक प्रभागाला किंवा गावाला सबडोमेन दिले असते तर सीमा बदलताच छापील पावत्यांवरचे, वर्तमानपत्रांतले आणि नागरिकांनी जपून ठेवलेले पत्ते निकामी झाले असते. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंद ही कामे मात्र सीमा कोठेही सरकली तरी तीच राहतात. नागरी सुविधा केंद्रांची संगणकीय पद्धत कल्याण-डोंबिवलीने या शतकाच्या आरंभी उभी केली आणि पुढे राज्यातील इतर नगरपालिकांसाठी ती नमुना ठरली. तिचाही पाया स्थळापेक्षा सेवा हाच होता.

नावे वेगळी करताना माहितीही तुटली तर काय होते, याचे कटू उदाहरण डोंबिवलीतच घडले आहे. महानगरपालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार करून ६५ इमारतींच्या प्रकल्पांची महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करण्यात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा कर्ज काढून घरे घेतलेली शेकडो कुटुंबे अडचणीत सापडली. दोन कार्यालयांची संकेतस्थळे वेगळी असण्यात गैर काही नाही. परंतु एका संकेतस्थळावर चढवलेल्या परवानगीची दुसऱ्याच्या नोंदीशी यंत्राकडूनच पडताळणी व्हायला हवी, कारण सामान्य ग्राहकाला ते शक्य नसते.

पानांच्या प्रसिद्धीसाठी सबडोमेन उपयोगी पडते का, याचे उत्तर बहुतेक लहान संस्थांच्या बाबतीत नकारार्थी आहे. एकेकाळी शोधयंत्रे एका नावाखालील मोजकेच निकाल दाखवत असल्याने अनेक सबडोमेन काढून निकालांचे पान व्यापण्याचा प्रयत्न होई. गुगलने जून २०१९ मध्ये जाहीर केले की एका संकेतस्थळाचे साधारणपणे दोनपेक्षा अधिक निकाल वर दिसू नयेत यासाठी बदल केला आहे आणि त्या मोजणीत सबडोमेन सामान्यतः मूळ नावाचाच भाग धरले जातात. सबडोमेन काढले की शोधयंत्रांना सूचना देणारी फाइल आणि पानांची यादी त्याच्यासाठी वेगळी ठेवावी लागते. दहा-वीस पानांचा शिकवणीवर्ग किंवा नाट्यसंस्था यांनी हा व्याप मुळीच करू नये. तिरप्या रेषेनंतरचे फोल्डर त्यांना पुरेसे आहे.

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालत आले आहे. अशा एखाद्या ग्रंथालयाने पुस्तकांची सूची ऑनलाइन आणायचे ठरवले तर गोष्ट वेगळी होते. ‘कोहा’सारखी खुली ग्रंथालय प्रणाली स्वतंत्र सर्व्हरवर चालते, वाचकांसाठी एक आणि कर्मचाऱ्यांसाठी दुसरे अशी तिची दोन दारे असतात, आणि कार्यक्रमांच्या बातम्या देणाऱ्या मुख्य संकेतस्थळाशी तिच्या देखभालीचा काही संबंध नसतो. येथे ‘सूची’ या नावाचे सबडोमेन काढणे सर्वथा उचित आहे, कारण यंत्र वेगळे, जबाबदार माणूस वेगळा आणि येणाऱ्या वाचकाचे कामही वेगळे. शिवाय मुख्य पानात बिघाड झाला तरी सूची चालू राहते.

सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे ती बंद पडलेल्या सबडोमेनची. एखादी संस्था महोत्सवासाठी किंवा भरतीसाठी सबडोमेन काढते, ते भाड्याच्या क्लाउड सेवेकडे वळवते आणि काम संपल्यावर भाडे बंद करते, पण नामसर्व्हरवरची ओळ तशीच राहते. तीच रिकामी जागा दुसऱ्या कोणी भाड्याने घेतली तर त्याने टाकलेला जुगाराचा किंवा फसवणुकीचा मजकूर त्या संस्थेच्या खऱ्या नावाखाली दिसू लागतो, आणि उजवीकडून काळजीपूर्वक वाचणारा नागरिकही फसतो. चाचणीसाठी काढलेले नाव कोणाला कळणार नाही हा समजही खोटा आहे. सुरक्षित जोडणीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांच्या नोंदी जगासाठी खुल्या असतात, त्यामुळे प्रमाणपत्र घेतलेले नाव काही मिनिटांत कोणीही शोधू शकतो. म्हणून आधी नामसर्व्हरवरची नोंद पुसावी आणि मग सेवा बंद करावी, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांनी आपल्या नावाने चालणाऱ्या सर्व अधिकृत पत्त्यांची यादी, प्रत्येकासमोर त्याचे काम आणि जबाबदार विभाग लिहून, मुख्य पानावर मराठीत प्रसिद्ध करावी आणि मालमत्ता कराच्या प्रत्येक बिलामागे ती छापावी.