रविवारची शास्त्रवाचने आणि धर्मशिक्षण (कॅथलिक चर्च)

रविवारची शास्त्रवाचने म्हणजे रोमन कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या पवित्र मिस्सेत वाचण्यासाठी नेमून दिलेले बायबलमधील उतारे. हे उतारे ज्या ग्रंथात क्रमवार दिलेले असतात, त्यास वाचनग्रंथ म्हणतात. उपासनेबरोबरच मुलांचे व प्रौढांचे धर्मशिक्षण, तसेच वैयक्तिक आणि सामूहिक चिंतन यांसाठीही या वाचनांचा उपयोग केला जातो.

इतिहास

1570 च्या मिस्साग्रंथानुसार वाचनांचे चक्र एका वर्षाचे होते. रविवारी सामान्यतः एक पत्र आणि एक शुभवर्तमान एवढेच वाचले जाई. जुन्या कराराला रविवारी जवळजवळ स्थानच नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. बायबलचे भांडार भाविकांसाठी अधिक उदारपणे खुले करावे, असा आदेश त्यात होता. त्यानुसार 1969 मध्ये नवा वाचनक्रम तयार झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती 1981 मध्ये निघाली. अनेक प्रोटेस्टंट चर्चेसनीही पुढे याच क्रमावर आधारलेले वाचनक्रम स्वीकारले.

रचना

नवे चक्र तीन वर्षांचे आहे. ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क व ‘क’ वर्षी लूक यांचे शुभवर्तमान प्रामुख्याने वाचले जाते. योहानाला स्वतंत्र वर्ष नाही. त्याचे उतारे मुख्यतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात येतात. शिवाय मार्कचे शुभवर्तमान आकाराने लहान असल्यामुळे ‘ब’ वर्षी सलग पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय वाचला जातो. ज्या इसवी सनाला तीनने भाग जातो ते ‘क’ वर्ष. मात्र उपासनावर्ष जानेवारीत नव्हे, तर त्याआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

प्रत्येक रविवारी पहिले वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरे वाचन आणि शुभवर्तमान असा क्रम असतो. पहिले वाचन बहुधा जुन्या करारातील असते (पुनरुत्थानकाळात ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून घेतात) आणि सामान्यकाळात ते शुभवर्तमानाशी जुळेल असे निवडलेले असते. त्या काळातील दुसरे वाचन मात्र एकेका पत्रातून क्रमाने पुढे सरकते. शुभवर्तमानाशी त्याचा संबंध अभिप्रेत नसतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे तिन्ही वाचनांतून एकच सूत्र ओढूनताणून काढण्याचा प्रयत्न प्रवचनांत व धर्मशिक्षणाच्या वर्गांत वारंवार होतो.

शिक्षणातील उपयोग

‘ब’ वर्षातील सामान्यकाळाचा सहावा रविवार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. लेवीय या पुस्तकातील पहिले वाचन सांगते, की कुष्ठरोग्याने फाटकी वस्त्रे घालून, ‘अशुद्ध’ म्हणून स्वतःच ओरडत, वस्तीबाहेर एकटे राहावे. मार्कच्या शुभवर्तमानात असाच एक मनुष्य येशूजवळ येतो आणि येशू त्याला हात लावतो. पहिले वाचन ऐकलेले नसेल, तर या स्पर्शाचे मोल कळत नाही. उताऱ्याच्या शेवटी बरा झालेला मनुष्य लोकांत वावरू लागतो, तर येशूलाच गावाबाहेर निर्जन जागी राहावे लागते. हा पालट मुलांनाही सहज उमगतो. शिक्षकाने फक्त कोण आत आणि कोण बाहेर, एवढेच विचारावे. मूळ हिब्रू शब्द त्वचेच्या अनेक विकारांना लागू होता. तो आजच्या कुष्ठरोगाचा समानार्थी नाही, हेही येथे सांगणे अगत्याचे ठरते. अन्यथा रोगाविषयीचा जुना कलंक धर्मशिक्षणातूनच पुढे जाण्याचा धोका असतो.

स्नानसंस्काराची तयारी करणाऱ्या प्रौढांसाठी प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारची ‘अ’ वर्षातील शुभवर्तमाने विशेष महत्त्वाची मानतात: शमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस. पाणी, प्रकाश व जीवन या क्रमाने ती संस्काराचा अर्थ उलगडतात. वैयक्तिक चिंतनासाठी बाराव्या शतकातील गिगो दुसरा या मठवासीयाने सांगितलेल्या वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान या चार पायऱ्या आजही वापरल्या जातात.

मराठीत बायबलमधील कथेतून श्रद्धा शिकवण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (1616) नवख्रिस्ती वाचक-श्रोत्यांसाठीच रचलेले होते. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे टीपांसह सोपा मराठी पाठ उपलब्ध झाला.

मर्यादा

वाचनक्रम हा अभ्यासक्रम नव्हे. श्रद्धासूत्र, संस्कार, आज्ञा यांची पद्धतशीर मांडणी त्यातून आपोआप होत नाही; म्हणून केवळ वाचनांवर आधारलेले शिक्षण विस्कळीत राहते, असा आक्षेप घेतला जातो. व्हॅटिकनच्या 2014 च्या प्रवचनविषयक मार्गदर्शिकेत प्रत्येक रविवारच्या वाचनांसमोर ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ या ग्रंथातील (1992) संबंधित परिच्छेदांचे क्रमांक दिलेले आहेत. त्यांच्या आधारे ही उणीव बरीचशी भरून काढता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उतारे कोठे सुरू होतात व कोठे थांबतात, यावर ऐकणाऱ्याचे आकलन ठरते. ‘क’ वर्षाच्या अकराव्या रविवारी लूकच्या उताऱ्याचे दीर्घ व संक्षिप्त असे दोन पर्याय आहेत. संक्षिप्त पर्याय निवडल्यास मग्दालीया मरिया, योहान्ना, सुसान्ना आणि स्वतःच्या पैशाने येशूच्या कार्याला हातभार लावणाऱ्या इतर स्त्रियांचा उल्लेख गळून पडतो. वेळ वाचवण्यासाठी हाच पर्याय निवडलेला असेल, तर वर्गात बायबल उघडून पुढची तीन वचने वाचून घेणे शिक्षकाच्या हाती असते.